समाप्तीची तारीख

१

बुधवार, सकाळचे दहा वाजून तेहतीस मिनिटं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तळघर, खोली क्रमांक चार. खोलीत एक संगणक, निळ्या कापडाने झाकलेला एक स्कॅनर, भिंतीलगत जुन्या प्रबंधांचे गठ्ठे आणि ओल शोषून घेणारं एक यंत्र, जे दिवसभर दमेकऱ्यासारखं घरघरत असे. माणूस एकच.

तिला सगळे नोंदबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याने टिंगल म्हणून ठेवलं होतं, पण बावीस वर्षांत ते तिच्या अंगाला बसलं होतं. विद्यापीठाच्या खुल्या संग्रहातल्या अकरा हजार प्रबंधांपैकी निम्म्याहून अधिक तिच्या हातून गेले होते. जगात कुठेही बसलेल्या कुणीही, कुणाची परवानगी न मागता उघडावं आणि वाचावं, असा हा संग्रह. हे वाक्य विद्यापीठाच्या माहितीपत्रकात दर वर्षी छापलं जाई. छापणाऱ्यांचा त्यावर कितपत विश्वास होता, ते पुढे येईलच.

दर बुधवारी सकाळी संगणक सगळ्या फायली तपासून बघे. ठेवल्या तशाच आहेत ना, पानं तेवढीच आहेत ना. असल्या तर हिरवी ओळ. बावीस वर्षांत लाल ओळ चारदा आली होती आणि चारही वेळा वीज गेलेली होती.

त्या बुधवारी लाल ओळ आली. वीज गेलेली नव्हती.

‘रंगकारखान्यालगतच्या वस्तीतील रहिवाशांची श्वसनक्षमता : एक पाहणी.’ मूळ पानं दोनशे चौदा. आता दोनशे पंधरा.

नोंदबाईने शेवटचं पान उघडलं. परिशिष्टातला तक्ता होता, हाताने आखलेला, पेन्सिलीने भरलेला. उत्तरदात्याचा क्रमांक, तीन फुंकरींचे तीन आकडे, त्यांतला सर्वांत मोठा. पान जरा तिरकं स्कॅन झालं होतं. वरच्या कडेला पॅडचा चिमटा दिसत होता आणि त्याची सावली कागदावर पडली होती. अक्षर तिच्या ओळखीचं होतं. सात हा आकडा असा मागे रेलून बसवणारी एकच मुलगी या विद्यापीठात होऊन गेली होती.

होऊन गेली होती, असंच म्हणायचं. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

तक्त्याच्या डोक्यावर तारीख आजची होती. वेळ साडेदहा.

२

त्या मुलीला वस्तीतले लोक फुंकरवाली म्हणत. दोन वर्षं ती दर बुधवारी तिथे जाई. हातात पॅड, खांद्याला पिशवी, पिशवीत प्लास्टिकची एक नळी. नळीला काटा. माणसाने खुर्चीत ताठ बसायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, धरायचा आणि तिने ‘सोडा’ म्हटलं की सगळा जोर लावून फुंकायचं. काटा टक्‌ करून जिथे थांबेल तो आकडा. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या एकशे बारा माणसांचे आकडे तिने असे गोळा केले. नावं कुणाचीच लिहिली नाहीत, फक्त क्रमांक. पुढे ती तिथेच खोली घेऊन राहिली, आणि एका थंडीत गेली. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं. वय एकोणतीस.

प्रबंध तिच्या पश्चात मान्य झाला आणि संग्रहात चढवायला नोंदबाईकडे आला. अर्जात दोन रकाने होते : पाहणी सुरू झाल्याची तारीख, पाहणी समाप्तीची तारीख. पहिली मिळाली. दुसरी कुठेच नव्हती. नोंदबाईने विभागाला दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मग तिने नोंदणीच्या कामात करतात तेच केलं. सुरुवातीची तारीख, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढची जागा कोरी. मासिक अजून निघत असेल तर त्याची नोंद अशीच करतात. तिच्या धंद्यात कोऱ्या जागेचा एकच अर्थ असतो : काम चालू आहे.

तीन वर्षं तो रकाना कोरा होता. आणि आता हे पान आलं होतं.

नोंदबाईने तक्त्यावरून बोट खाली नेलं. तेवीस नंबरपुढे आकड्यांऐवजी रेघ होती. तेवीस म्हणजे आईच्या गल्लीतला कोपऱ्यावरचा शिंपी, मागच्या महिन्यात गेलेला. चौसष्ट नंबरपुढे आकडे होते. एकशे पंच्याहत्तर, एकशे सत्तर, एकशे पासष्ट.

चौसष्ट कोण, ते तिला माहीत होतं. फुंकरवालीने दिलेलं क्रमांकाचं निळं कार्ड तिच्या आईने स्वयंपाकघराच्या दाराला अजून टाचून ठेवलं होतं; गल्लीत घरोघरी अशी कार्डं दिसत.

३

“कोणीतरी खोड्या काढतंय,” ग्रंथपाल म्हणाले. निवृत्तीला सात महिने उरलेला माणूस. कुठलीही भानगड दिसली की तो आधी कॅलेंडरकडे बघे.

“कोण काढणार, साहेब? फाईल बदलायचा अधिकार तुम्हाला आणि मला.”

“मग मी नाही.”

“मीही नाही.”

संगणकवाल्याला बोलावलं. त्याने अर्धा तास डोकं खुपसलं आणि मान खाजवत बाहेर आला. “बाई, आत कुणी शिरलेलंच नाही. पान तुमच्याच स्कॅनरवरून आलंय.”

तिघांनी वळून स्कॅनरकडे बघितलं. निळं कापड होतं तसं होतं. वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवली होती. गुंडाळी नोंदबाईनेच गेल्या आठवड्यात रबर लावून बांधली होती.

“भिंतीत ओल आहे,” ग्रंथपाल म्हणाले. कशाचा कशाला पत्ता नाही, पण त्यांना तेवढ्याने बरं वाटलं.

पुढच्या बुधवारी नोंदबाई स्कॅनरसमोर खुर्ची टाकून बसली. साडेदहाला काही दिसलं नाही. मात्र ओलीचं यंत्र घरघरताना मधेच एक आवाज आला, अगदी बारीक. टक्‌. मग पुन्हा टक्‌. ती मोजत राहिली. कापडाच्या कडेखालून उजेडाची एक फट सरकत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि विझली. कापड उचलायला तिचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. का थांबला, याची तिला नंतर दोन दिवस लाज वाटत होती. शहाणी बाई, एम.ए. झालेली, आणि कापड उचलता येऊ नये?

पानं दोनशे सोळा झाली. चौसष्ट नंबर : एकशे सत्तर.

४

तिसऱ्या बुधवारी तिने रजा टाकली आणि आईकडे गेली.

कारखान्याची भिंत आणि घरांची रांग यांच्यामध्ये एक माणूस आणि एक सायकल जाईल एवढी गल्ली. भिंतीच्या पायथ्याला पाणी कधी जांभळं, कधी हिरवं. वाळत घातलेल्या चादरींवर बारीक भुकटी. दर निवडणुकीआधी कुणीतरी येऊन ही भुकटी बोटावर घेऊन हळहळे, आणि जाताना रुमालाला बोट पुसे.

“तू आज कशी? कामावरून काढलं का काय?” आईने दारातच विचारलं.

“रजा काढलीय. तुला न्यायला आले. चार महिने माझ्याकडे राहा.”

“आणि बुधवारी?”

“बुधवारी काय?”

“बुधवारी मी घरात नसले तर त्या पोरीची फेरी फुकट नाही का जाणार?”

नोंदबाईने हातातली पिशवी खाली ठेवली. “आई, ती गेली. तूच तर मला फोन करून सांगितलं होतंस.”

“गेली हे मला माहीत आहे. मी काय वेडी आहे?” आई चिडून म्हणाली. “मी बघितलं नाही तिला. बघितलं असं कुठे म्हणाले? बस तू. वेळ झाली.”

दहा एकोणतीसला आईने खुर्ची ओढली, दाराकडे तोंड करून ताठ बसली आणि हळूहळू छाती भरून श्वास घेतला. खांदे वर आले. ओठ मिटले. हात मांडीवर.

आणि ती तशीच राहिली.

नोंदबाई घड्याळ बघत होती. दहा सेकंद. वीस. आईच्या मानेवरची शीर उभी राहिली. गल्लीत कुठेच हालचाल नव्हती. शेजारच्या घरातलं भांड्यांचं पाणी थांबलं होतं, पलीकडचा रेडिओ कुणीतरी बंद केला होता. कारखान्याची घरघर तेवढी होती आणि तिच्याखाली ती शांतता, माणसांनी भरलेली. तीस सेकंद. “आई, पुरे,” ती म्हणाली. आईने हाताने गप्प बस अशी खूण केली.

मग आईने फुंकलं. त्याच क्षणी शेजारच्या घरातून फुंकर आली, त्याच्या पलीकडच्या घरातून, समोरच्या माडीवरून, गल्लीच्या टोकापर्यंत. एकमेकांना न दिसणाऱ्या पन्नास-साठ माणसांनी एकदम फुंकलं. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. मग खोकल्यांची एक लाट आली आणि रेडिओ पुन्हा सुरू झाला.

“कुणी सांगितलं सोडायला?” नोंदबाईने विचारलं.

“ती सांगते ना. तू ऐकलं नाहीस?” आईने पदराने कपाळ पुसलं. “पूर्वी इतका वेळ धरायला लावायची नाही. आता एकटी पोर आणि एवढी घरं. उशीर होतो तिला.”

दुपारी ती आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नळी दिली, तीनदा फुंकायला लावलं. आकडा आला एकशे पासष्ट. ग्रंथालयात परत येऊन तिने नवीन पान उघडलं. चौसष्ट नंबर : एकशे पासष्ट.

५

त्या रात्री तिला झोप लागली नाही ती भुतामुळे नव्हे. सरळ हिशेबाचा प्रश्न होता. ही नळी आईचा श्वास मोजत होती की ओढून घेत होती? दर बुधवारी पाच कमी. समाप्तीचा रकाना भरला तर हे थांबेल का? तारीख टाकायला दोन सेकंद लागतात.

सकाळी तिने तिन्ही पानं शेजारी शेजारी मांडली. एकोणीस नंबरवर बोट थांबलं. तो आईच्या शेजारचा निवृत्त पोस्टमन, दीड महिन्यापूर्वी लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेलेला. त्याचे आकडे तक्त्यात होतेच : दोनशे चाळीस, दोनशे साठ, दोनशे पंच्याऐंशी. वाढत होते. तिने त्याच्या लेकीला फोन लावला.

“बाबा? छान आहेत की. जिना चढतात आता. फक्त बुधवारी सकाळी जरा विचित्र बसतात.”

म्हणजे मोजल्यामुळे कुणी मरत नव्हतं. हवेमुळे मरत होतं. तापमापक काढून घेतला म्हणून ताप उतरत नाही. नोंदबाईला तीन आठवड्यांत पहिल्यांदा भीतीच्या जागी राग आला, आणि तो तिला फार बरा वाटला. एक मेलेली मुलगी दर बुधवारी वेळेवर कामाला येत होती. पगार घेणारे जिवंत लोक कुठे होते? आरोग्य खात्याचा माणूस, कारखाना तपासणारा माणूस, प्रबंधावर सह्या करून बाजूला झालेले सगळे सन्माननीय?

तिने ती तीन पानं लपवली नाहीत. संग्रह खुला होता, तो तिने खुलाच ठेवला. पाच दिवसांत प्रबंध चार हजार लोकांनी उतरवून घेतला. एका वर्तमानपत्राने आकडे छापले आणि खाली एक ओळ टाकली : ‘विद्यापीठाच्या नोंदीनुसार ही पाहणी अद्याप चालू आहे.’

६

बुधवारी सकाळी दहाला कुलसचिव स्वत: तळघरात उतरले. विद्यापीठाचा सगळा कारभार ज्याच्या सहीने चालतो तो माणूस या पायऱ्या पहिल्यांदाच उतरत होता. मागे ग्रंथपाल, त्यांच्या मागे संगणकवाला.

“बाई, ही कसली पाहणी चालू आहे म्हणे?”

“वाचा ना, साहेब. उघडीच आहे.”

“उघडी आहे म्हणून काय चव्हाट्यावर मांडायची? अकरा वाजता कारखान्याची माणसं येतायत वर. नवीन इमारत कोण बांधून देतंय, माहीत आहे ना? मी त्यांना काय सांगू, आमची मेलेली विद्यार्थिनी तुमच्या भिंतीला लागून फेऱ्या मारते?”

“सांगा. खोटं थोडंच आहे?”

ग्रंथपालांना खोकला आला.

“नोंद चुकली आहे,” कुलसचिव म्हणाले. “ती मुलगी ज्या दिवशी वारली त्या दिवशी पाहणी संपली. एवढी साधी गोष्ट. तारीख टाका आणि मोकळ्या व्हा.”

“तारीख टाकली की फाईल कुलूपबंद होते. नवीन पानं जातात.”

“जाऊ देत. ती आमची नाहीतच.”

“मग कुणाची आहेत? तेवढं लिहून द्या, मी टाकते तारीख.”

त्यांनी खिशातून आदेश काढून टेबलावर ठेवला. टाईप केलेला, सही केलेला. संगणकवाल्याने तो वाचला, ग्रंथपालांकडून त्यांचा पासवर्ड घेतला आणि नोंदबाईकडे न बघता खुर्चीत बसला. भिंतीवरच्या घड्याळात दहा अठ्ठावीस झाले होते.

तेव्हाच तिला एक आवाज आला. ओलीचं यंत्र थांबलं होतं. खोलीत कुठेतरी, स्कॅनरच्या बाजूला, कुणीतरी धाप लागल्यासारखं चालत आल्याचा, पॅडवर कागद सरकवल्याचा. इतर कुणी मान वळवली नाही. तिला गल्ली आठवली. पन्नास-साठ खुर्च्या, दाराकडे वळलेल्या. भरलेल्या छात्या.

“थांबा,” ती म्हणाली. “पाच मिनिटं. साडेदहा होऊ द्या, मग टाका. मी पाया पडते.”

“पाच मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे?”

“त्यांनी श्वास भरलाय, साहेब! सोडा म्हणायला कुणी नसेल—”

“टाक रे,” कुलसचिव म्हणाले.

संगणकवाल्याने टाकली. दहा एकोणतीस. पानं दोनशे चौदा झाली, ओळ हिरवी झाली. निळ्या कापडाखाली उजेडाची फट अर्ध्यापर्यंत सरकली आणि तिथेच थांबली. विझली नाही, पुढेही गेली नाही.

७

नोंदबाईने आईला लावलेला फोन नऊ वेळा वाजला. दहाव्यांदा उचलला गेला. पलीकडून शब्द नाही, श्वास नाही, काही नाही. फक्त कारखान्याची घरघर.

“सोडा,” नोंदबाई म्हणाली. मग ती ओरडली, तळघराच्या भिंती दणाणतील अशी. “आई, सोड! सोडा म्हणतेय मी!”

फोनमधून एक लांब, फाटकी फुंकर आली. मग खोकला. बराच वेळ खोकला.

“आज ती आली गं,” आई कशीबशी म्हणाली. “श्वास भरा म्हणाली. मग पुढे काही बोललीच नाही.”

“आई, ऐक. बाहेर जा. दारोदार जा आणि सोडा म्हणून ओरड. नुसतं ओरड. पळ!”

एकशे पासष्टाच्या छातीची, एकाहत्तर वर्षांची बाई गल्लीत धावली. दर दारात ती ओरडत होती, आणि दर दारातून फुंकर येत होती. फोन तिच्या मुठीत चालूच होता, आणि नोंदबाई तळघरात तो कानाला लावून उभी होती. सोडा. फुंकर. सोडा. फुंकर. मधे धाप. आवाज बसत गेला, मग घोगरा झाला, मग नुसती हवा उरली. नोंदबाईने चेहरा वर केला तेव्हा खोलीत फक्त संगणकवाला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला. कुलसचिव वर गेले होते. अकराची बैठक होती.

चार दारं राहिली. गल्लीच्या अगदी टोकाची, आतून कडी लावलेली. दुपारी ती फोडली तेव्हा चौघंही खुर्चीत ताठ बसलेले सापडले, दाराकडे तोंड करून, ओठ मिटून, हात मांडीवर. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याने, असं लिहिलं आहे. एकाच मिनिटाला चौघांची का बंद पडली, ते लिहिलेलं नाही.

आई आता नोंदबाईकडे असते. आवाज परत आलेला नाही. बुधवारी सकाळी नोंदबाई रजा टाकते, आईसमोर बसते आणि साडेदहाला स्वत:च्या तोंडाने ‘सोडा’ म्हणते. गल्लीत हे काम आता पोस्टमनची लेक करते; दर बुधवारी बापाला घेऊन गावाहून येते. तिने आपण होऊन मागून घेतलं.

विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. समितीचा अहवाल अकरा पानांचा आहे आणि खुल्या संग्रहात नाही. कुलसचिवांच्या आदेशाचा त्यात उल्लेख नाही. संगणकवाल्याने जबाबात वेळ सांगितली होती, दहा एकोणतीस. तीही त्यात नाही.

प्रबंधाची पानं पुन्हा दोनशे पंधरा झाली आहेत, कुलूपबंद असूनही. शेवटच्या पानावर तारीख त्या बुधवारची. चार क्रमांक आहेत. चारही क्रमांकांपुढे तिन्ही रकाने कोरे, आणि शेऱ्याच्या जागी पेन्सिलीने ‘श्वास भरला’ एवढंच. वर पॅडचा चिमटा उघडा आहे, आणि कागदावर पेन्सिल आडवी पडलेली दिसते.

हे पान सर्वांना उघडून बघता येतं. आजवर सहा हजारांहून अधिक लोकांनी ते बघितलं आहे. समितीने एकदाही उघडलेलं नाही.